वारंगुळ्यातला प्रिंटर

कॉलेजातला एखादा नवा सहकारी अधूनमधून विचारतो, "मॅडम, घरी प्रिंटर घ्यावा का हो?" मी अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे माझ्याकडून हिशेबाचं उत्तर येईल अशी त्याची समजूत असते. मी उलट विचारते, "तुमच्या घरी बेंदूर पाळतात का?" समोरचा गोंधळतो. गोंधळू दे. माझ्या वेळी सावध करायला कुणी नव्हतं. मला थेट आण्णाच भेटले.

आण्णा म्हणजे माझे वाईतले घरमालक. मूळचे माणदेशातले, मेंढपाळांच्या घरातले. लष्करात त्यांची सगळी नोकरी खेचरांच्या तुकडीत गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी कृष्णेच्या जवळ घर बांधलं, कारण लहानपणी घागरभर पाण्यासाठी कोस कोस चाललेल्या माणसाला म्हातारपणी नदीचा आवाज ऐकत झोपायचं होतं. घर बांधलं, नदी मिळाली, पण सांभाळायला जनावर उरलं नाही. गल्ली अरुंद, गोठ्याला जागा नाही, आणि आक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, शेळीसुद्धा पाळायची नाही असं बजावून ठेवलेलं. असा हा जनावराविना अस्वस्थ माणूस खाली राहत होता आणि वर मी राहायला गेले.

मी तेव्हा वाईच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी आली तर उपास. माझं गाव कडेगावच्या बाजूचं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. वडील एकदा चढले होते, पण ते कॉलेजला रंग द्यायला. त्यामुळे मला माझ्या पदवीचा जरा जास्तच अभिमान होता आणि अजूनही आहे, तो काही मी लपवत नाही. पण नुसता अभिमान दिसत नाही, दिसायला वस्तू लागते. लोक फ्रीज हॉलमध्ये ठेवतात तसा मी प्रिंटर घेतला आणि बाहेरच्या खोलीत, दारातून दिसेल असा ठेवला. वर विणलेला आकाशी रुमाल टाकला. आई बघायला आली तेव्हा तिनं झाकण उचलून आत डोकावून विचारलं, "ह्यात काय शिजतं?" मी म्हटलं, "पेपर." तिनं मान डोलावली, पण तिच्या चेहऱ्यावरून कुकर घेतला असता तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

इथपर्यंत ठीक होतं. पण मी आणखी एक केलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पेढे घेऊन गेले. दुकान चालवणाऱ्या वहिनी जावळीकडच्या, तोंडानं फटकळ. त्यांच्याकडे मी रोज काही ना काही छापायला जायची. पेढा देऊन मी म्हणाले, "वहिनी, आता घरी प्रिंटर घेतलाय. यापुढे तुम्हाला त्रास नाही."

"त्रास कसला मॅडम, धंदाच हाय आमचा," वहिनी पेढा तोंडात टाकत म्हणाल्या. "बरं झालं की. पर मी काय शटर ओढत न्हाई हां. असू द्या आपलं उघडं."

मी हसले. पदवीधर माणूस हसतो तसं.

पहिल्या दिवाळीलाच मशीन बसलं. मी सुट्टीत गावी गेले, परत येऊन बघते तर आतली शाई वाळून नळ्या तुंबलेल्या. काळ्या अक्षरांच्या जागी पांढऱ्या रेघा. साताऱ्याहून दुरुस्तीवाला आला, त्यानं मशीन उघडलं, माझ्या पडद्याला हात पुसले आणि जाताना सांगितलं, "वापरत नसला तरी रोज एक रंगीत पान काढत जावा. पडून राहिलं की मरतं हे."

आण्णा दारात उभे होते. त्यांनी हे ऐकलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कडी वाजली. दारात आण्णा, पायात बूट, डोक्याला मफलर.

"चला मॅडम. फिरवून आणू."

"कुणाला?"

"जनावराला."

त्या दिवसापासून रोज सकाळी हेच. मी चहा ठेवायची, आण्णा मशीनसमोर स्टुलावर बसायचे, रुमाल काढून घडी घालायचे आणि बटण दाबायचे. कागद घेण्याआधी मशीन जे खुडखुड, घर्रघर्र करतं, त्या वेळी मी काही बोलले तर हात वर करायचे. "थांबा. रवंथ करतंय." मग रंगाच्या पट्ट्यांचं एक पान बाहेर पडायचं. ते उजेडाला धरून ते बारकाईनं बघायचे. या पानाला ते शेण म्हणायचे. माझ्या बाहेरच्या खोलीत, विणलेल्या रुमालाशेजारी. "शेण बघितल्याबिगर तब्येत कळत न्हाई. आज निळं पातळ हाय. काल कायतरी उलटंसुलटं खाल्लंय."

"आण्णा, काल मी फक्त वेळापत्रक छापलं."

"त्येच म्हंतो मी."

कागदाचा बारीक तुकडा आत अडकला की ती गोचीड. नारिंगी दिवा लुकलुकला की डोळा आला. एकदम जास्त कागद ओढले की हावरटपणा. मी इंग्रजीतलं माहितीपुस्तक काढून मोठ्यानं वाचायची आणि ते माझं पूर्ण ऐकून घ्यायचे, मशीनला थोपटायचे आणि म्हणायचे, "मॅडम, तुमास्नी वाचता येतंय खरं. पर ह्येला कुठं येतंय?"

एकदा लॅपटॉप म्हणायला लागला, प्रिंटर सापडत नाही. हातभर अंतरावर मशीन, मध्ये फक्त चहाचा कप. मी लॅपटॉपला चक्क मराठीत शिव्या दिल्या. आण्णा शांतपणे म्हणाले, "आमचा एक बैल हुता. जुपायला हुडकाय गेलं की उभ्या ज्वारीत अशी मान खाली घालून उभा ऱ्हायाचा, गळ्यातली घंटा वाजू द्यायचा न्हाई. त्यातली अवलाद हाय ही."

हळूहळू मीही 'आज रुसलंय', 'आज खात नाही' असं म्हणायला लागले. शाई भराभर संपू लागली. छापायचं एक पान आणि तब्येतीसाठी महिनाभर पानं. मी कुरकुर केली तेव्हा आण्णा म्हणाले, "मग वारंगुळा करू."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन शेतकऱ्यांकडे एकेकच बैल असला की ते बैल मिळून एक जोडी करतात आणि दोघांची रानं आळीपाळीनं नांगरतात, त्याला आमच्याकडे वारंगुळा म्हणतात. आण्णांच्या लहानपणी त्यांच्या घरी एकच बैल होता, म्हणून हा व्यवहार त्यांना पाठ. "मशीन तुमची, वैरण माझी," ते म्हणाले. वैरण म्हणजे शाई आणि कागद. मी लगेच हो म्हणाले. मला शाई फुकट मिळत होती. वारंगुळ्यात दुसऱ्याचाही अर्धा हुकूम चालतो, हे अर्थशास्त्राच्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

बरं, आण्णांना स्वतःला छापायचं काहीच नसायचं. वर्षभरात त्यांनी एकच मजकूर छापून घेतला, "गेट लावणे. हुकुमावरून." तो त्यांनी गेटावर, जिन्यावर आणि आक्कांनी हाकलेपर्यंत स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. पट्ट्यांची पानं आक्का फडताळात अंथरायच्या. त्यांच्या घरातले सगळे डबे रंगीत पट्ट्यांवर बसलेले असायचे.

"माझ्या गुडघ्याची अशी रोज चौकशी केली असती तर मी आज पळत असते," आक्का म्हणायच्या.

आणि माझं काय चाललं होतं? माझी प्रश्नपत्रिका एकदा मशीनमध्ये गेली ती आलीच नाही. वहिनींकडे जायला तोंड नव्हतं, म्हणून तोंडाला स्कार्फ बांधून मी स्टँडासमोरच्या दुकानात गेले. मग तो माझा नेमच झाला. घरात प्रिंटर, आणि छापायला गावाच्या दुसऱ्या टोकाला, तेही तोंड झाकून. वहिनींचं दुकान टाळायला मी मागच्या गल्लीनं वळसा घालायची. त्या प्रश्नपत्रिकेची परीक्षा झाली, निकाल लागला, आणि एका सकाळी आण्णांनी बटण दाबताच तीच प्रश्नपत्रिका एकामागून एक भसाभसा बाहेर पडू लागली. आण्णांचा चेहरा उजळला. "मोकळं झालं बगा पोट."

मग आषाढातला बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, आला.

आदल्या दिवशी संध्याकाळी मला ईमेल आला. सांगलीच्या एका कॉलेजात कायम जागेसाठी मुलाखत, बेंदराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. अर्ज आणि सगळ्या प्रमाणपत्रांचे संच, मंडळावरच्या प्रत्येकासाठी एकेक, छापून आणावेत. कायम जागा! तासांवर जगणाऱ्या माणसाला या दोन शब्दांनी काय होतं ते त्यालाच कळतं. मी कुणालाही सांगितलं नाही. आधीच्या मुलाखतींना गाव गोळा करून गेले होते आणि हात हलवत परत आले होते. या वेळी गुपचूप जायचं आणि जमलं तरच बोलायचं असं ठरवलं. छपाईची तर चिंताच नव्हती. उद्याचा अख्खा दिवस आहे, घरचा प्रिंटर आहे. हे वाक्य मी मनात म्हटलं, आणि मला बरंसुद्धा वाटलं.

त्याच संध्याकाळी आण्णा वर येऊन मशीनच्या झाकणाला हळद आणि लोणी चोळत बसले होते. बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे असे मळतात. मी माझ्या तंद्रीत होते. ते गेल्यावर फडक्यानं पुसून टाकलं, झालं.

सकाळी अंघोळ करून बाहेर येते तर मशीनवर झूल. आक्कांच्या जुन्या जरीच्या साडीची, कडेला गोंडे, मधे आरसे. कागद ठेवायच्या फळीच्या दोन्ही टोकांना शिंगांना लावतात तसा चमचमता बेगड. समोर ताटात पुरणपोळी, आणि आण्णा निरांजन ओवाळतायत. मी हसले, हात जोडले, लॅपटॉप उघडला.

"आज न्हाई मॅडम," आण्णा म्हणाले.

"काय नाही?"

"बेंदूर हाय. आज जुपायचं न्हाई."

"आण्णा, हे यंत्र आहे."

"आन् रोज कोण म्हंतं, आज रुसलंय, आज खात न्हाई, आज मनावर घेत न्हाई? तवा यंत्र न्हवतं व्हय?"

मी आवाज चढवला. "मशीन माझं आहे."

"आन् वैरण माझी हाय. वैरण आज पोळी."

मी पुढे होऊन बटण दाबलं. दिवा लागला नाही. मागे हात घातला, वायर नाही. "आण्णा, वायर?"

"जुनं दावं बदललं. बेंदराला नवं घालत्यात." त्यांनी खिशातून जाडजूड काळी वायर काढून अभिमानानं माझ्या हातात ठेवली. "बाजारातली सगळ्यात दणकट बगून आणली. हिसका मारला तरी तुटायची न्हाई." वायरीचं तोंड तीन भोकांचं होतं आणि माझ्या मशीनला दोन खिळे होते. कसंही फिरवलं तरी बसेना.

"जुनी द्या."

"जुनं दावं घरात ठिवत न्हाईत."

"मग कुठे आहे?"

"कृष्णामाईला दिलं."

मी खाली बसले. मग मला सांगावंच लागलं, मुलाखतीचं, कायम जागेचं, संचांचं, सगळं. सांगताना रडू आलं आणि रडू आलं म्हणून राग आला. आण्णांचा चेहरा पडला. "आवं मग आदी सांगायचं न्हाई व्हय?" म्हणत ते जिना उतरले आणि भर पावसात घाटावर गेले. थोड्या वेळानं निथळत परत आले.

"न्हाई सापडलं. धार लय हाय. सांगलीला तुमच्या आदी पोचतंय दावं."

आता स्टँडासमोरचं दुकान. स्कार्फ बांधून गेले, कुलूप. दुकानदार बेंदराला गावी गेलेला. एकच दुकान उरलं.

वहिनींचं शटर अर्धं खाली होतं. त्या नव्या साडीत, पिशवी भरून माहेरी निघालेल्या. मी वाकून आत डोकावले. तोंडावर स्कार्फ तसाच.

"स्कार्फ काढा मॅडम, चालीवरनं वळखते मी," वहिनी म्हणाल्या. "मागच्या गल्लीनं जाताना बी दिसायच्या. काय म्हंतोय घरचा पिंटर?"

"आज बेंदूर आहे."

"मग?"

"त्यामुळे तो काम करत नाही."

वहिनींनी पिशवी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे छत्री धरून सावधान उभ्या असलेल्या आण्णांकडे बघितलं, आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना काउंटर धरावा लागला. मग शटर वर सरकवलं.

"वहिनी, तुमच्यातही बेंदूर असेल ना? मशीन चालवलं तर चालेल?"

"माझं मशीन म्हस हाय मॅडम. म्हशीला कुठला आला बेंदूर?"

म्हशीनं माझे सगळे संच चहा गार व्हायच्या आत काढून दिले. काळं काळं होतं, पांढरं पांढरं होतं. वहिनींची गाडी मात्र चुकली. "दुसरी मिळंल. जागा मिळू द्या, पेढं आणा. पर ह्या वेळी मशीनचं नगं, नोकरीचं आणा."

पाऊस थांबत नव्हता. आण्णा घरी गेले आणि मशीनवरची झूल काढून घेऊन आले. संच प्लॅस्टिकात घातले, वर झूल गुंडाळली, गोंड्यांची गाठ मारली. "जुपता आलं न्हाई. झूल तरी जाऊ द्या संगं."

तर दुसऱ्या दिवशी सांगलीत, मुलाखत मंडळासमोर, मी जरीची, आरशांची, गोंडे लोंबणारी झूल सोडत बसले होते. गाठ लष्करी होती, सुटेना. मंडळातल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, "हे काय आहे?" मी म्हणाले, "प्रिंटरची झूल आहे." खोटं बोलायला सुचायला वेळच मिळाला नाही. मग त्यांनी विचारलं, छोट्या शेतकऱ्यानं अवजार विकत घ्यावं, भाड्यानं आणावं की भागीत? मी पुस्तकातलं उत्तर सुरू केलं आणि माझं मलाच कंटाळवाणं वाटलं. मग सांगितलं सगळं. मशीन माझं, वैरण त्यांची, दावं कृष्णेत. मंडळ हसत होतं, मी मात्र गंभीरपणे भागीचे फायदेतोटे मांडत होते.

जागा मिळाली. झुलीमुळे मिळाली असं आण्णा सगळ्या वाईला सांगत फिरले. मी ठासून सांगते, मी चांगली शिकवते म्हणून मिळाली. झूल आड आली नाही एवढंच.

वहिनींना पेढे दिले. सामान टेम्पोत चढलं. प्रिंटर सगळ्यांत शेवटी राहिला. खरं सांगायचं तर मला तो नको होता. सांगलीत मी बघितलेल्या घराखालीच झेरॉक्सचं दुकान होतं. पण आण्णांनी तो पुसून, रुमाल घालून जिन्याशी आणून ठेवला होता आणि शेजारी स्टुलावर बसले होते, रोज सकाळी बसायचे तसेच.

"घेऊन जावा," ते म्हणाले. "वारंगुळा सुटला म्हंजे ज्याचं जनावर त्येनं न्यायचं. रीत हाय."

"आण्णा, तिकडे त्याला रोज फिरवायला कुणी नाही. पडून राहिलं की मरतं ते."

आण्णा मशीनवरचा रुमाल सारखा करत राहिले.

"मशीन माझंच आहे," मी म्हणाले. "फक्त तुमच्याकडे सांभाळायला ठेवते. वैरण तुमची. वारंगुळा चालू."

आण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मशीन उचललं आणि आत घेऊन गेले. आतून आक्कांचा आवाज आला, "आता हितं आणलं का ह्येला?"

तेव्हापासून रोज सकाळी माझ्या मोबाइलवर एक फोटो येतो. रंगीत पट्ट्यांचं पान, कोपऱ्यात आण्णांचा अंगठा. मी चहा पिता पिता फोटो मोठा करून बघते आणि लिहिते, "लाल जरा फिकं वाटतंय." उत्तर येतं, "बघतो." त्या मशीनवर आता कुणीच काही छापत नाही. मला काही लागलं तर खालच्या दुकानात जाते, उघड्या तोंडानं. विकत घेतलेल्या वस्तूचा इतका निरुपयोगी आणि इतका नियमित वापर माझ्या कुठल्याही पुस्तकात नाही.

यंदा एका सकाळी फोटो आला नाही. मी चहा संपवला, तास होता म्हणून कॉलेजला निघाले, वाटेत बघितलं, नाही. पहिल्या तासाला लक्ष लागेना. आण्णांचं वय झालंय. पावसात घाटावर जायची खोड आहे. तास संपताच फोन लावला. बराच वेळ वाजला, उचलला तेव्हा आवाज एकदम खणखणीत.

"आण्णा! बरे आहात ना? आज फोटो नाही ते?"

पलीकडून इतक्या नाराजीनं ते बोलले की मी कॉलेजच्या व्हरांड्यात उभ्या उभ्याच सावधान झाले.

"मॅडम, कडेगावच्या बाजूच्या ना तुमी? आज काय हाय?"

मी समोर बघितलं. रस्त्यावरून रंगवलेल्या शिंगांची एक जोडी ट्रॅक्टरमागून चालली होती, फुगे बांधलेली. सकाळपासून कितीतरी गेल्या असतील.

"बेंदूर," मी म्हणाले.

"मग?"

"मग आज जुपायचं नाही."

"हां."

मी फोन ठेवणार होते. पण राहवलं नाही. आजूबाजूला कुणी विद्यार्थी नाही ना बघितलं, आवाज खाली आणला आणि विचारलं,

"पोळी ठेवली ना त्याच्यापुढे?"